लिहा आणि पुसा

आमच्या पेठेतल्या तालमीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. असा फळा नसलेला चौक कोल्हापुरात दाखवा, पैज लावते. कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी, कुणाच्या पैलवानानं कुणाला अस्मान दाखवलं, उद्या नळाला पाणी आहे का नाही, सगळं त्याच्यावर. सकाळी दुधाला गेलेली माणसं पिशवी हातात धरून आधी फळा वाचणार, मग घरी जाऊन पेपर. आणि त्या फळ्याचा कायदा एकच. आधी कालचं ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसायचं, मगच आजचं लिहायचं. कालच्या पांढऱ्यावर कुणी आजचं गिरबटलं, की तालमीचे वस्ताद त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

नव्वदीच्या दशकात त्या फळ्याचा खालचा अर्धा भाग सरांनी मागून घेतला. सर म्हणजे आमचे शेजारी. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, रिटायर झाले, पण हाताची खडूची खाज काही जाईना. वस्तादांना जाऊन म्हणाले, "वर तुमची कुस्ती, खाली माझं विज्ञान. चालंल?" वस्ताद म्हणाले, "चालतंय की सर. फकस्त बारीक लिवू नका, म्हाताऱ्यांस्नी दिसत न्हाई." झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज एक प्रश्न आणि खाली त्याचं उत्तर.

आता खरं सांगते. ते प्रश्न सरांचे नव्हतेच. सरांना प्रश्न पडायचेच नाहीत, त्यांच्याकडं नुसती उत्तरं. प्रश्न काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे. काकूंची शाळा चौथीत सुटलेली आणि लिहायचा त्यांना मनापासून कंटाळा. किराणा दुकानातली यादीसुद्धा तोंडी सांगायच्या. पण सकाळी चहा गाळता गाळता असं काही विचारायच्या की सरांचा कप ओठाजवळच थांबायचा. दूध उतू जातंय, मग पाण्याला काय धाड भरलीय, ते का न्हाई जात? गुऱ्हाळात रस कढताना त्यात भेंडीचं पाणी कशाला ओतत्यात? भाकरीचा पदर आतनं कोण सोडवतंय? काकूंचं माहेर कबनूरचं, घरात माग. तिथला एक प्रश्न मला अजून पाठ आहे. हवा कोरडी पडली की मागावरचा धागा सारखा तुटतोय, पावसाळ्यात न्हाई तुटत, असं का?

"सांगा की. मास्तर हायसा न्हवं?" असं वर आणखी म्हणायच्या.

उत्तर येत असेल तर सर तिथंच सांगायचे. येत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणून चप्पल घालून लायब्ररीकडं पळायचे, आणि त्या दिवशी फळ्यावर प्रश्नाच्या खाली लिहायचे, 'उत्तर उद्या'. मग चौकात दिवसभर पैजा. पानपट्टीवर धाग्याच्या प्रश्नावरून दोन माणसं हातघाईवर आलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सुती धागा हवेतलं पाणी पितो आणि दणकट होतो, हवा कोरडी झाली की तो कमजोर होतो. एवढंच. पण दूधवाल्या मावशी चरवी खाली ठेवून ते दोनदा वाचत उभ्या राहिल्या होत्या.

एका वर्षी संध्याकाळच्या आभाळात शेपटीवाला धूमकेतू दिसायला लागला. सगळं गाव रंकाळ्याच्या काठावर. हातात भेळ, मान वर. आम्हीपण गेलो, सर, काकू आणि मी. मी तेव्हा कॉलेज संपवून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. काकू बराच वेळ वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे पळतंय म्हणता, मग ह्याची शेपटी मागं पाहिजे की. पळणाऱ्या घोड्याची असती तशी. ही तर सूर्याच्या उलट्या अंगाला हाय." मी वर बघितलं. सूर्य नुकताच बुडाला होता आणि शेपटी खरोखर त्याच्यापासून लांब, वर तोंड करून उभी होती. एवढं मोठं आभाळ मी रोज डोक्यावर घेऊन फिरत होते आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. सरांनी सांगितलं, सूर्यच फुंकतोय तिला, धूमकेतू येऊ दे नाहीतर जाऊ दे, शेपटी कायम सूर्याकडं पाठ करूनच. काकू म्हणाल्या, "व्हय का!" त्या 'व्हय का' मध्ये जे होतं ते मला आजपर्यंत कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

आमच्या क्लासमध्ये मोडेम आलं तेव्हा मी सरांना म्हटलं, हा फळा आपण इंटरनेटवर लावू. सर म्हणाले, "म्हंजे जगात लागणार म्हंतीस? आणि वाचणार कोण?" "जग," मी म्हटलं. मग फुकट मिळणाऱ्या जागेवर एक पान केलं. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी, कडेला लाकडी पट्टी. हुबेहूब फळा. मराठी दिसायची पंचाईत होती. आमचा तो फॉन्ट आधी उतरवून घेतला नाही तर समोर नुसता वेड्यावाकड्या चिन्हांचा उकिरडा यायचा. तरी माणसं उतरवून घ्यायची. सर तालमीचा फळा लिहून यायचे, मग माझ्याकडून तेच टाइप करून घ्यायचे, जोडीला आठवेल तो एखादा जुना प्रश्नपण, आणि काकू जिन्याखालून ओरडून विचारायच्या, "लागला का जगात?"

मग माझं लग्न झालं, पुण्याला नोकरी लागली. जायच्या आधी मी सरांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यांना टायपिंग शिकवलं. एक चौकोन, आणि त्याच्याखाली दोनच बटणं: लिहा आणि पुसा. पुसा कशाला ठेवलं म्हणाल, तर काही चुकलं तर काढता यावं म्हणून. कुणीही ठेवलं असतं, तेव्हा मला बोलू नका.

पुण्यात ऑफिसला गेलं की मी आधी ते पान उघडायचे. समोर आजचा प्रश्न. वाचला की काकूंचा आवाज ऐकू यायचा, दिवस बरा जायचा. खाली कोपऱ्यात 'जुने फळे' अशी एक कळ मी करून ठेवली होती. ती कोण दाबतंय! फळा वाचणारा माणूस आजचं वाचतो आणि दूध घेऊन घरी जातो. मीपण त्याच चौकातली.

त्यानंतर काही वर्षांनी काकू गेल्या. हृदयाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं, आणि परत आल्याच नाहीत. मी धावत आले तेव्हा तालमीच्या फळ्यावर वरच्या भागात पोरांनी काकूंचं नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ लिहिली होती. खालचा भाग नुसता पुसून कोरा ठेवला होता. ती सरांची जागा, तिथं कुणी खडू लावला नाही. मला तो कोरा तुकडा बघूनच जास्त रडू आलं.

काही आठवडे सरांनी काहीच लिहिलं नाही. मग पुन्हा लिहायला लागले, दोन्हीकडं, तालमीवर आणि वेबसाइटवर. पण आता प्रश्न सर स्वतःच काढायचे आणि ते काही खरे नव्हते. 'प्रकाशाचे अपवर्तन म्हणजे काय?' असले. असं कुणाला चहा गाळताना पडतंय का? तरी मी रोज वाचायचे. काय करणार.

एव्हाना आमच्या त्या पानाला लोक ब्लॉग म्हणायला लागले होते. मराठीतला विज्ञानाचा जुना ब्लॉग म्हणून कुठं कुठं उल्लेख व्हायचा आणि सरांची कॉलर ताठ व्हायची. पण आतून सगळं मोडकळीला आलं होतं. नव्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्ट चालेना, नवीन वाचकाला नुसता उकिरडा दिसायचा. त्यातच ज्यांच्या सर्व्हरवर पान होतं त्यांनी कळवलं की जुनी मशीन बंद होणार, आपापला पसारा हलवा. मी रजा टाकली, लॅपटॉप उचलला आणि कोल्हापूर गाठलं. ठरवलं होतं की नवीन सॉफ्टवेअर घालायचं, युनिकोड करायचं, डिझाइन बदलायचं, आणि सगळे जुने लेख नीट वर्षवार लावायचे.

सरांनी चहा केला होता. स्वतः. बेचव होता. म्हणाले, "डिझाइन काय तुला पाहिजे तसं कर. पण एक काम माझं. हिचे सगळे प्रश्न पहिल्यापासनं नव्यात घे. मला ते परत वाचायचे हायत, ओळीनं. तिचं लिवलेलं काही न्हाई माझ्याजवळ, तिला लिवायचा कंटाळा. आवाज कुठं भरून ठेवलेला न्हाई. फोटो हाय, पण फोटो काय प्रश्न विचारत न्हाई. जे हाय ते एवढंच."

"हे बघा, आत्ता काढते," म्हणत मी सर्व्हर उघडला. लेखांचा फोल्डर उघडला. आत एक फाइल होती. एक. त्या दिवशी सकाळची.

मला वाटलं मी चुकीच्या जागी आले. मागं गेले, परत आत शिरले. एकच.

"सर, बाकीचं कुठाय?"

"बाकीचं म्हंजे?"

"म्हंजे कालचं! परवाचं! गेल्या वर्षीचं!"

"कालचं पुसलं की," सर शांतपणे म्हणाले. "तुझ्या वेळचं साठलेलं तू गेल्या गेल्या पुसलं, आता रोज सकाळी आधी पुसतो, मग लिवतो. पुसल्याबिगर आजचं लिवणार कुठं?"

माझा पाराच चढला. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, "सर, हा काय तालमीचा फळा हाय व्हय? कॉम्प्युटरला जागा लागत न्हाई, कितीबी लिवा! एवढं विज्ञान शिकवलं, ही एक गोष्ट कळू नये? मी चाललो!" चिडले की माझं पुणं गळून पडतं. आमच्याकडं बायकासुद्धा 'चाललो'च म्हणतात.

सर पडद्यावरच्या 'पुसा' बटणाकडं बघत होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "म्हंजे हिचे सगळे प्रश्न मी माझ्या हातानं पुसले?"

मी चालले नाही. बसले खाली. आयुष्यात इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

सर्व्हरवाल्यांना फोन लावला. पुसलेल्या फाइली राहत नाहीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीसारखे फडकं आणि खडू घेऊन तालमीकडं निघाले आणि फळ्याच्या खालच्या भागात त्यांनी लिहिलं: 'आमच्या वेबसाइटची जुनी पाने कोणाकडे असल्यास कळवावे.' मला हसावं का रडावं कळेना. म्हटलं, इंटरनेटवर हरवलेलं दुधाच्या रांगेत शोधणारा हा जगातला पहिला माणूस. तरी तेच वाक्य मी वेबसाइटवरपण टाकलं, म्हटलं असू दे.

आणि मग जे झालं त्यानं मी अजून चकित आहे. लोकांनी नेट कसं वाचलं होतं तेच मी विसरले होते. तेव्हा घरी नेट कुणाकडं? कॅफेत जायचं, तासाचे पैसे मोजायचे, आणि पैसे चालू असताना निवांत वाचत बसायला वेड लागलंय का? माणसं पान उघडायची, फ्लॉपीवर उतरवून घ्यायची, खिशात घालायची आणि घरी, नाहीतर दुकानातल्या, शाळेतल्या कॉम्प्युटरवर सावकाश वाचायची. सर रोज सकाळी पुसत होते, आणि त्याच्या आधी कुणीतरी रोज उतरवून घेत होतं. आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

मलकापूरहून एकानं फ्लॉप्यांचा पुडा चिवड्याच्या डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला. अर्ध्यांना बुरशी आलेली, पण अर्ध्या चालल्या. आणि एका दुपारी तालमीसमोर एक मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर आख्खा कॉम्प्युटर, जुन्या साडीनं करकचून बांधलेला.

"काय पावणं, कुणाकडं?" वस्तादांनी तालमीतूनच आवाज टाकला.

"विज्ञानवाल्या सरांकडं. कबनूरहून आलोय."

तो कबनूरचा नेट कॅफेवाला होता. आत आला, सरांना सलाम केला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "ताई, तुमचा तो फॉन्ट ह्याच्यातच हाय. नवीन मशीनवर बसंना, म्हणून मशीनच आणली." त्याचे वडील मागावर कामाला. धाग्याचा तो प्रश्न त्यानं वडलांना वाचून दाखवला होता. "अब्बा म्हणाले, जन्मभर धागा जोडतोय, जमिनीवर पाणी मारतोय, पण हे असं का ते आज कळलं. तेव्हापासनं मला सांगून ठेवलंतं, नेटची लाइन आली की गिऱ्हाईक मागनं, आधी सरांचं पान उतरवून घ्यायचं. रात्री वाचून दाखवायचो."

सरांच्या सोप्यात आम्ही मशीन लावली. फोल्डर उघडला आणि पानं खाली सरकायला लागली, सरकायला लागली, संपेचनात. काळा फळा, पांढरी अक्षरं, लाकडी पट्टी. दूध उतू का जातं. भेंडीचं पाणी रसातली घाण धरून मळीबरोबर वर कशी आणते. धूमकेतूची शेपटी. आपण ज्याला संपलं म्हणून रडून मोकळे झालो, ते सगळं इचलकरंजीच्या वाटेवर एका माणसानं बापाच्या शब्दाखातर धरून ठेवलं होतं. सर मोठ्यानं वाचायला लागले. प्रश्न वाचताना आवाज आपोआप काकूंचा काढायचे, उत्तर स्वतःच्या आवाजात. कॅफेवाला जमिनीवर मांडी घालून ऐकत बसला. जाताना मशीन ठेवून गेला. म्हणाला, "होऊ दे काम, मग नेतो."

पुढचे दिवस मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम लिहिला. डिझाइन केलं स्वच्छ पांढरं, कडेला वर्षं, खाली वाचकांना लिहायला जागा. सरांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"पांढरा फळा कुठं असतोय का?"

"सर, आता सगळीकडं पांढराच असतोय. मार्करनं लिवत्यात."

"लिवू देत. आपला काळा."

म्हटलं होतं ना डिझाइन तुला पाहिजे तसं कर? पण भांडायला माझ्यात दम नव्हता. काळा केला.

एक मात्र राहिलं. काकूंना दवाखान्यात नेलं त्या सुमाराची पानं कुणाकडंच निघेनात. कबनूरला तेव्हा रस्ता खणताना केबल तुटली होती. मलकापूरच्या त्या फ्लॉप्या बुरशीतल्या. सर रोज विचारायचे, "शेवटचा मिळाला का गं?" एकदा म्हणाले, "हिनं शेवटचं काय विचारलं होतं तेच मला आठवंना. त्या दिवसांतलं काहीच आठवंना." ते पान मीपण तेव्हा पुण्यात वाचलं असणार, पण त्या धक्क्यात मलाही काही आठवेना.

रविवारी सकाळी एक बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर राग. "जय भीम सर. मी पेठ वडगावहून आले. शिक्षिका आहे." सरांनी बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "मी द्यायला नाही आले, मागायला आले. आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता, नेट नव्हतं. बाजारातल्या कॅफेतून तुमचं पान मी फ्लॉपीवर न्यायचे आणि पोरांना दाखवायचे. एका दिवशी तुम्ही प्रश्न लिहिलात आणि खाली लिहिलंत, उत्तर उद्या. दुसऱ्या दिवशी गेले तर तेच पान. तिसऱ्या दिवशी तेच. पोरं रोज दारातच विचारायची, बाई, आलं का उत्तर? कितीतरी दिवस तेच पान होतं, आणि मग एकदम दुसराच काहीतरी धडा. उत्तर दिलंच नाही तुम्ही! ती पोरं आता कॉलेजात आहेत, रस्त्यात भेटली की अजून विचारतात. मी काय सांगू? तुम्ही शिक्षक ना?"

असं म्हणून त्यांनी पर्समधून फ्लॉपी काढून माझ्या हातात ठेवली. कबनूरच्या मशीनमध्ये घातली. घरघर झाली, थांबली, परत घरघर. आणि फळा उघडला.

'प्रश्न: तुमच्या बाहीवरचा खडू मी रोज झटकते. फळ्यावरचा तुम्ही रोज पुसता. मग तो सगळा खडू जातो कुठं? उत्तर उद्या.'

सरांनी आपल्या उजव्या बाहीकडं बघितलं. सकाळीच तालमीवर जाऊन आले होते, बाही पांढरी होती. काकू गेल्यापासून ती झटकायला कुणी नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी पहाटं हिच्या छातीत दुखायला लागलं," सर म्हणाले. "उत्तर मला येत होतं की. मुद्दाम उद्यावर ठेवलेलं. हिला जरा वाट बघायला लावू म्हटलं." आणि मग ते रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, अगदी काकू गेल्या तेव्हासुद्धा.

बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्या खुर्ची ओढून सरांच्या शेजारी बसल्या. हळूच म्हणाल्या, "मग आता द्या की सर. पोरं थांबलीत."

सरांनी उत्तर स्वतः टाइप केलं. एकेक अक्षर शोधत. मी मध्ये तोंड घातलं नाही. नव्या ब्लॉगवरचा तो पहिला फळा:

'कुठंही जात नाही, जागा बदलतो. आपला खडू बहुधा जिप्समचा. जिप्सम म्हणजे फार पूर्वी आटून गेलेल्या समुद्रांनी मागं ठेवलेला थर. आज जिथं वाळवंट आहे तिथं तो खणून काढतात. मी फडकं बादलीत पिळतो, ते पाणी गटारीत जातं, गटार ओढ्याला, ओढा पंचगंगेला. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा पार पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे समुद्राचं ते परत समुद्राकडं निघालेलं आहे, आपण मध्ये चार अक्षरं लिहून घेतली. हे झालं फळ्यावरच्या खडूचं. बाहीवरचा तू झटकलास तो घरातच आहे. खिडकीतून ऊन येतं तेव्हा दिसतो. फडताळावर आहे, तुझ्या फोटोच्या चौकटीवर आहे, थोडा माझ्या श्वासात गेला. उशीर झाला, माफ कर.'

शिक्षिकाबाईंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि म्हणाल्या, "व्हय का!" मी चमकून बघितलं. अगदी तस्सं.

दुसऱ्या दिवशी माझी पुण्याची गाडी होती. सकाळी सर तालमीवरून आले, हात धुतले, लॅपटॉपपुढं बसले. आजचं लिहायचं होतं. बोट सवयीनं खालच्या कोपऱ्याकडं गेलं, जिथं ते बटण असायचं. तिथं काही नव्हतं. मी काढूनच टाकलं होतं. सर गोंधळले. मग त्यांनी पान खाली सरकवलं, आणि कालचा फळा जसाच्या तसा समोर आला. खाली रातोरात पेठ वडगाव, कबनूर आणि कुठली कुठली माणसं बोलून गेली होती.

"अगं," सर म्हणाले, "हिचा प्रश्न अजून इथंच हाय की!"

"हाय की सर," मी म्हटलं, आणि त्यांची बाही झटकली.